भट्टीवर गेलेले धडे

दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात बायकोचा फोन आला. आमचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत, दोन हाका मारल्या तरी ऐकू येतं, मग फोन कशाला, म्हणून मी आधी वैतागलोच. ती म्हणाली, ‘‘रामदास गेला हो... झोपेतच.’’ मी ‘‘बरं’’ म्हणालो. शटर पूर्ण वर केलं, काउंटर पुसला, उदबत्ती लावली, आणि मग मला कळलं की मी काय ऐकलंय. तसंच सगळं उघडं टाकून घरी धावलो. जव्हारात त्या दिवशी दुपारपर्यंत धुकं उतरलं नव्हतं, की मलाच तसं वाटत होतं, आता सांगता येत नाही.

रामदास माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षक. चार वर्ग, एक खोली आणि तो एकटा. मला तो ‘दाजी’ म्हणायचा, आणि ज्या सुरात म्हणायचा त्यावरून काम किती अवघड आहे ते मला आधीच कळायचं. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्वभावाने तापट आहे, गिऱ्हाइकांनाही ते ठाऊक आहे. रामदास उलटा. त्याच्यावर ओरडलं की तो नीट ऐकून घ्यायचा, आणि आपलं ओरडून झालं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

दिवाळी झाली की पाड्यावरची घरं एकेक करून बंद होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही बरोबर जातात आणि शिमग्याला परत येतात तेव्हा शिकलेलं सगळं धुऊन निघालेलं असतं. रामदासने यावर एक युक्ती काढली होती. तो धडे स्वतःच्या आवाजात लॅपटॉपवर बोलून ठेवायचा, निम्मे पाड्याच्या बोलीत, निम्मे पुस्तकाच्या मराठीत. निघायच्या आधी ते बारक्या मेमरी कार्डांवर भरायचे आणि प्रत्येक घराच्या फोनमध्ये घालून द्यायचे, असा त्याचा बेत. घरात ‘नागली’ म्हणणाऱ्या पोराला पुस्तकातली ‘नाचणी’ भेटली की ते गप्प बसतं दाजी, असं तो मला सांगायचा. मी हं हं करायचो. ते धडे मी कधी ऐकले नव्हते, त्याने ऐकवलेही नव्हते.

आणि गेल्या दिवाळीनंतर नेमका तो लॅपटॉप झोपला. काळा पडदा, त्यावर पांढरी एक ओळ, पुढे काही नाही.

‘‘दाजी, पोरं गुरुवारी जातात,’’ तो फोनवर म्हणाला. ‘‘धडे निघाले नाहीत तर शिमग्यापर्यंत मुकी राहतील.’’

आता गंमत अशी, की माझा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये. आणि लॅपटॉप जव्हारला आणायला तो तयार नाही, कारण आतली डिस्क कुरकुरत होती आणि मोटारसायकलवर हादरे बसले तर होतं नव्हतं तेही जाईल अशी त्याला धास्ती. ते त्याचं खरंच होतं. उपाय एकच राहिला. दुसरी सिस्टिम पेन ड्राइव्हवर घालायची, लॅपटॉप तिच्यावर सुरू करायचा, आणि आजारी माणसाला न उठवता खोलीतलं सामान काढावं तसे डिस्कवरचे धडे हळूच बाहेर काढायचे.

पण पाड्यावर फोनला रेंज फक्त वरच्या खडकावर, आणि वीज फक्त खाली शाळेत. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणजे तो वर न्यायची सोय नाही. पहिल्या दिवशी रामदास माझं ऐकायला वर चढायचा, करून बघायला खाली उतरायचा, आणि काय झालं ते सांगायला पुन्हा वर. त्याला धाप लागलेली मला फोनवर ऐकू यायची. शेवटी शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सुंदरबाई म्हणाल्या, गुरुजी तुम्ही खाली बसा, फोन माझ्याकडे द्या. पाड्यावरच्या माणसांची हाक या डोंगरावरून त्या डोंगरावर जाते. मी जव्हारात पाय उशीवर ठेवून बोलणार, सुंदरबाई खडकावरून ते खाली ओरडणार, आणि रामदास खिडकीतून उत्तर देणार, असं ठरलं.

पहिला घोळ त्यानेच घातला होता. मोखाड्याहून सिस्टिमची फाइल आणून त्याने ती पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी केली, गाणी भरतात तशी. अशाने लॅपटॉप कसा उठेल? ती फाइल वेगळ्या पद्धतीने उलगडून लिहावी लागते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दुसरा पेन ड्राइव्ह तयार केला आणि एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पाऊस सरला होता, पण सूर्यमाळला सकाळी ढग जमिनीवर येऊन बसतात. सुंदरबाईंना खालची शाळा दिसत नव्हती, रामदासला वरचा खडक दिसत नव्हता, आणि मला तर दोघंही दिसत नव्हते. नुसते आवाज. मी म्हणायचो, चालू केल्या केल्या एफ-बारा दाबायचं, चित्र यायची वाट बघायची नाही, दाबतच राहायचं. मग फोनमध्ये सुंदरबाईंची हाक लांब जाताना ऐकू यायची, ‘‘गुरुजी... बारावा दाबा... दाबत ऱ्हा...’’ मध्ये नुसता वारा. आणि बऱ्याच वेळाने खालून, खूप खालून, रामदासचं ‘‘दाबतोय’’. माझे डोळे मिटलेले असायचे. औषधाची गुंगी असेल, पण मला वाटायचं आम्ही तिघं मिळून कुणाला तरी झोपेतून उठवतोय.

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा त्याची यादी पडद्यावर आली, पण यादीत पेन ड्राइव्हचं नाव नाही. मग आतल्या सेटिंगमध्ये शिरून परकी सिस्टिम अडवणारं कुलूप काढायला लावलं. त्यात एकदा सगळं सुरुवातीपासून करावं लागलं. नाव दिसलं तर निम्म्यावर चित्र गोठलं. माझा तोल गेला आणि मी म्हणालो, द्या तो डबा दरीत टाकून. सुंदरबाईंनी तेही इमानदारीने खाली ओरडून सांगितलं. खालून हसण्याचा आवाज आला... रामदास खदखदून हसत होता, आणि मग मीही. हसता हसता मला सुचलं, की पेन ड्राइव्ह डावीकडे लावलाय की उजवीकडे? डावीकडची खाच सैल होती. उजवीकडे लावला आणि काही वेळाने सुंदरबाई माझ्याशीच हळू बोलल्या, ‘‘दाजी, उठला.’’

बुधवारी संध्याकाळपर्यंत कार्डं भरून झाली. डिस्क त्यानंतर पुन्हा कधी चालली नाही. गुरुवारी माणसांना-पोरांना घेऊन टेम्पो भट्ट्यांकडे गेला आणि कार्डंही गेली.

माघात रामदास गेला. बाराव्याला सुंदरबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांची लेक भिवंडीकडच्या भट्टीवर, नात सोनी, रामदासच्याच शाळेतली, तिच्याबरोबर. लेकीला फोनवर कळवलं होतं, पण पोरीला सांगायचा कुणाचा जीव होत नव्हता. मीच जाऊन सांगते, मला न्याल का, असं त्या म्हणाल्या. मला सामान आणायला तिकडे जायचंच होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. भट्टीचा धूर खाली पसरला होता, त्यात माणसं अर्धी दिसत, अर्धी नाही. प्लास्टिकच्या झोपडीपुढे दोन-तीन पोरं, आणि मध्ये विटेवर उभा करून ठेवलेला फोन. सोनीने आजीला बघितलं, हाताने ‘थांब’ केलं. धडा चालू होता.

तो आवाज ऐकून मी जागीच थिजलो. फोनमधून रामदास विचारत होता, ‘‘आपले घरी नागली, तर पुस्तकात काय?’’ आणि तो थांबला. खरोखर थांबला. पोरांना उत्तर देता यावं म्हणून त्याने बोलताना मध्ये जागा सोडली होती. मागे कुठे कोंबडा आरवत होता, कुणी हंडा खाली ठेवत होतं. तेवढ्यात सोनी म्हणाली, ‘‘नाचणी.’’

‘‘बरोबर,’’ तो म्हणाला. ‘‘आता सगळे जोरात.’’

सगळी पोरं धुरात ओरडली. सुंदरबाईंनी पदर तोंडाशी धरला. एवढ्या लांब जे सांगायला त्या आल्या होत्या, ते त्यांनी गिळलं हे मला दिसलं. मला रडू आवरेना, लाज वाटली नाही. त्या कुरकुरत्या डिस्कवरून आम्ही काय बाहेर काढलं होतं ते मला आत्ता कळत होतं.

‘‘मागे कोण उभा आहे?’’ रामदासने विचारलं. त्याला ठाऊक असणार, दर वर्गात कुणी ना कुणी उभं असतंच. पुन्हा जागा सोडली... पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

‘‘बसा खाली,’’ तो म्हणाला.

मी बसलो.