कबुतरांच्या गळ्यातला गहू

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या त्या गावात कबुतरं पाळायचा हक्क एकट्या जहागीरदाराचा होता आणि ती पोसायची मात्र गावाच्या शेतांनी. पेरीन गूजारने गहू पेरला की थवा उतरायचाच. जहागीरदाराचा कारभारी ल्वाझो बांधावरून बजावायचा, "हातांनी हाकल. दगड मात्र उचलायचा नाही."

तिच्या नवऱ्याने, एत्येनने, एकदा दगड उचलला. एक कबूतर मेलं. त्यापायी त्याला बेड्या घालून तुलोंच्या बंदरात सक्तमजुरीला धाडलं आणि तो तिथेच मेला.

१७८९च्या वसंतात राजाने गावोगावची गाऱ्हाणी लिहून मागवली. चर्चमध्ये वकील मिठाच्या कराबद्दल लिहीत बसला होता.

"कबुतरं लिही," पेरीन म्हणाली.

"असल्या फालतू गोष्टी राजाला कळवायच्या का, बाई?"

"लिही, नाहीतर लेखणी इकडे दे."

"तुला लिहिता येतं?"

"भोसकता येतं."

वकिलाने लिहिलं.

ऑगस्टात पॅरिसहून बातमी आली, की जहागीरदारांचा कबुतरांचा हक्क गेला. गावाने त्याच दिवशी कबुतरखाना फोडला. घरोघरी रस्सा रटरटला. पेरीनने त्यातला घोटही घेतला नाही. ती एकेका कबुतराच्या गळ्यातली पिशवी चिरून आतला गहू ओच्यात भरत राहिली.

मग ती जहागीरदाराच्या हवेलीत शिरली. त्याचे गुलाब तिने मुळासकट उपटले आणि वाफ्यात तो गहू पेरला. ल्वाझो दारात थिजून उभा होता.

"एत्येनचा गहू आहे. राखत बस," ती म्हणाली. "कावळे येतील, हातांनी हाकल. दगड मात्र उचलायचा नाही."