दुपारच्या खिडकीतलं सोडियम

सोडियम पुन्हा वर आलं होतं. सलग चौथ्या बॅचला.

रिपोर्ट हातात धरून देशमुख साहेब माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "पाटणकर, गुरुवारी ब्रायन येतोय. त्याला काय दाखवू? हे?"

दाखवण्यासारखं काही नव्हतंच.

थोडं मागे जाऊन सांगतो. तेहतीस वर्षं रत्नागिरीतल्या एका रंगांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून काम करून मी निवृत्त झालो होतो. घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसत होतो, तेवढ्यात पुण्याच्या या नव्या कंपनीने बोलावलं. त्यांचा एका परदेशी खाणीशी भागीदारीचा करार व्हायचा होता. खाण लिथियम असलेल्या दगडाचा चुरा जहाजाने पाठवणार, आणि इथे आपण त्यातून बॅटरीला लागणारं लिथियम कार्बोनेट काढणार. दिसायला ते पिठीसाखरेसारखं. बंदर जवळ म्हणून जागा रत्नागिरीत. आधी एका शेडमध्ये छोटा पायलट प्लँट, आणि त्याला चिकटून आमची लॅब.

खाणवाल्यांची, म्हणजे ब्रायनच्या लोकांची, अट साधी होती. सलग दहा बॅच 'बॅटरी ग्रेड' निघाल्या तर सही, नाहीतर माल दुसरीकडे जाईल. बॅटरी ग्रेड म्हणजे इतकं शुद्ध, की दहा लाख कणांत सोडियमचे किती कण आहेत ते मोजायचे. सोडियम म्हणजे तुमच्याआमच्या मिठातलंच. ते जास्त झालं की बॅटरी बिघडते.

रत्नागिरीत कारखाना येणार, येणार असं मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून ऐकत आलोय. म्हणून या वेळी खरंच जीव लावला होता.

लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी आणि सुलभा. सुलभा मूळची नाटे गावची. जुन्या कंपनीत अठरा वर्षं तिने माझ्या हाताखाली काचसामान धुतलं. ती कंपनी बंद पडली तेव्हा तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. नव्या लॅबमध्ये मला पहिला माणूस नेमायला सांगितला, तेव्हा मी दुसरं नावच घेतलं नाही. तिने धुतलेल्या बशीत मी डोळे मिटून जेवलो असतो.

आमचा दिवस ठरलेला. सकाळी आल्याबरोबर मी 'ब्लँक' लावायचो. ब्लँक म्हणजे नमुना न घालता नुसतं शुद्ध पाणी आणि ॲसिड यंत्रातून काढायचं. त्यात काही सापडलं तर दोष आपल्या भांड्यांचा किंवा पाण्याचा. आमचा ब्लँक रोज स्वच्छ यायचा. अकराला सुलभा चहा ठेवायची, आलं ठेचून. जुन्या कंपनीतल्या लोकांची उणीदुणी निघायची. मग जेवण, आणि दुपारी प्लँटमधून नमुना यायचा. तो विरघळवून पसरट बश्यांमध्ये ठेवायचा, दोन तास आटवायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र शेजारच्या एसीच्या खोलीत होतं. आम्ही बाहेरच्या खोलीत.

तर सोडियम वर येत होतं. प्लँटवाले म्हणाले, आम्ही पावडर तीनदा धुतो. मी म्हणालो, चारदा धुवा. चारदा धुतली. सोडियम जागचं हललं नाही.

मग दोन दिवस चमत्कार झाला. नाट्याला पुतणीचं लग्न होतं म्हणून सुलभा रजेवर गेली. बश्या मी धुतल्या. दोन्ही दिवस सोडियम मर्यादेच्या खाली आलं. ती परत आली त्याच दिवशी सोडियमही परत आलं.

देशमुख साहेबांना तेवढं पुरलं. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"बाई, बश्या कशाने धुता?"

"डिस्टिलच्या पाण्यान. तीन वेळा."

"डब्यात काय आणता? सुकी मच्छी?"

सुलभाने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आणते. सुका बांगडा. आनि जेवल्यावर हात साबणान धुते. अठरा वर्सं हेच काम केलंय साहेब. माझा हात खराब असता तर सरांनी मला ठेवलानी असती काय?"

ती गेल्यावर साहेबांनी कागद पुढे सरकवला. भांडी धुण्यात हलगर्जी, कर्मचारी बदलला, आता दोष दूर होईल असा मजकूर होता. खाली माझी सही हवी होती.

"ब्रायनला कारण लागतं, पाटणकर. हे कारण आहे."

"उद्या सकाळी देतो," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. मी सही करणार होतो. आकडे समोर होते. ती नाही तेव्हा सोडियम नाही, ती आहे तेव्हा आहे. केमिस्टला आणखी काय हवं? मनातल्या मनात मी तिच्यासाठी दुसरी नोकरीसुद्धा शोधायला लागलो होतो. आज आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सर्दी गेली वाटतं पूर्ण?"

"गेली की."

"सुलभा रजेवर होती त्या दोन दिवसांत नुसते शिंकत होतात. वारा नको, पंखा नको."

हातातला घास हातात राहिला.

आमच्या बाहेरच्या खोलीला पश्चिमेकडे एक मोठी खिडकी होती. जेवण झालं की मी ती सताड उघडायचो. बंद खोलीत माझा जीव गुदमरतो. तेहतीस वर्षं जुन्या लॅबमध्येही दुपारी पश्चिमेची खिडकी माझीच. समुद्र दिसायचा नाही, पण भरतीची गाज ऐकू यायची. त्या वाऱ्यात बसून बश्या आटताना बघणं हे माझं नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख. फक्त त्या दोन दिवसांत सर्दीमुळे मी खिडकी लावून बसलो होतो.

शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी घोकलंय. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. माझा ब्लँक सकाळचा, खिडकी बंद असतानाचा. नमुना दुपारचा, खाऱ्या वाऱ्यातला. आमच्याकडे नव्या छत्रीच्या काड्या दोन वर्षांत गंजतात, आणि मी कणाकणाने मोजायचं द्रावण उघड्या बशीत खिडकीखाली ठेवत होतो. जुन्या कंपनीत रंगांना एवढ्याशा मिठाने काही फरक पडत नसे, म्हणून कधी कळलंच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः दोन बश्या धुतल्या. दोन्हींत नुसतं शुद्ध पाणी. एक बंद कपाटात, एक दुपारी माझ्या खिडकीखाली. कपाटातली स्वच्छ निघाली. खिडकीतलीने मला तोंडावर पाडलं.

साहेबांचा कागद मी सकाळऐवजी संध्याकाळी, सही न करता परत दिला. कारण सांगितलं. त्यांनी कपाळ चोळलं.

"हे ब्रायनला सांगायचं? की आमच्या सीनियर केमिस्टला वारा खायची सवय आहे?"

"मी सांगतो. चोर सोडून संन्याशाला फाशी मला जमणार नाही."

गुरुवारी सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, दोन्ही बश्यांचे आकडे पुढे ठेवून. ब्रायनने आकडे दोनदा वाचले. मग त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "खिडकी बंद करायला किती दिवस लागतील?"

खिडकी कायमची बंद झाली. सलग दहा बॅच पास झाल्या. आणि मग लिथियमचा भाव कोसळला. खाणवाल्यांनी कळवलं, सध्या थांबू. अजून थांबलेलेच आहेत. लॅब आवरली, यंत्र पुण्याला गेलं. सुलभा आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात लागली. तिथल्या लॅबवाल्याला मी फोनवर एवढंच म्हणालो, तुम्ही तिला घ्या, नंतर माझे आभार माना.

शेवटच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर मी ती खिडकी उघडली. आता कोणाचं काय बिघडणार होतं? वारा आत आला. खूप बरं वाटलं, आणि वाईटही. सुलभा सवयीने टेबल पुसत होती. पुसता पुसता तिने बोट जिभेला लावलं.

"खारट," ती म्हणाली. "रोज दुपारी असाच चिकट व्हायचा हा टेबल."

"तुला माहीत होतं?"

"टेबल मीच पुसायची ना वो सर."

"मग बोलली का नाहीस? तुझी नोकरी जात होती!"

"तुमाला वाऱ्याबिगर चैन पडत नाय." तिने फडकं पिळलं. "आनि मला कोणी इचारलानी कुठं? इचारलानी ते बांगड्याचं."

हल्ली एखादा नवा केमिस्ट भेटायला आला की मी त्याला दोनच गोष्टी सांगतो. ज्या वेळी नमुना लावता त्याच वेळी ब्लँक लावा. आणि काही बिघडलं तर यंत्राच्या आधी टेबल पुसणाऱ्या माणसाला विचारा. पहिली ते वहीत लिहून घेतात.