भिंतीलगतची अर्धा इंच जागा

आमच्या नेरुळच्या फ्लॅटमध्ये बांबूची जमीन आली ती माझ्या नवऱ्याच्या हौसेपायी. तो न्हावा-शेवा बंदरात क्लिअरिंगच्या ऑफिसात होता. कुठल्याशा साहेबाच्या केबिनसाठी परदेशातून बांबूच्या पट्ट्या आल्या होत्या, त्यातले उरलेले गठ्ठे त्याला मिळाले. त्या दिवसापासून घरातली मोझॅकची लादी त्याला एकदम गावंढळ वाटायला लागली. नव्वदच्या दशकाची अखेर होती, शेजारीपाजारी सगळे मार्बल घालत होते. आमच्याकडे त्याहून भारी काहीतरी येणार म्हटल्यावर सासूबाईंची मान चांगलीच ताठ झाली.

पण लावणार कोण? "तुझे बाबा आहेत की," नवरा म्हणाला. माळ्यावरची शिडी काढ म्हणावं, तितक्या सहज. माझे वडील मोऱ्याच्या बंदरात होड्या दुरुस्त करणारे सुतार. आमच्या लग्नात "होडीवाल्याची पोर" म्हणून नाकं मुरडणाऱ्या घराला आता होडीवाल्याचे हात हवे होते. खरं तर माझं डोकं फिरायला हवं होतं. मला मात्र आनंद झाला, हे आज लिहितानाही लाज वाटते. वाटलं, बाबांचं काम एकदा बघितलं की ही माणसं आम्हाला नावं ठेवायची थांबतील.

बाबा रोज सकाळी यायचे ते पिशवीत भाकरी आणि पाण्याची बाटली घेऊनच. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. मे महिन्याचा उकाडा, दुपारी तीनलाच बाटली रिकामी व्हायची, मग संध्याकाळपर्यंत तसेच काम करायचे. "पद्धतीची माणसं आहेत हो," सासूबाई कौतुकाने म्हणायच्या आणि माझ्या पोटाकडे बघायच्या.

हॉल, पॅसेज आणि बेडरूम, तिन्हीकडून एकच सरळ रेघ जायला हवी होती. बाबांनी गॅलरीच्या दारापासून बेडरूमच्या भिंतीपर्यंत दोरा ताणला आणि दोन दिवस नुसतं मोजत बसले. लादीवर लाकडी रिपा स्क्रूने पक्क्या केल्या. मग पट्टीची कड दुसरीच्या खाचेत बसवायची, बांबू चिरू नये म्हणून आधी बारीक भोक पाडायचं, आणि कडेतूनच तिरका खिळा असा ठोकायचा की पुढची पट्टी आली की तो दिसतच नाही. मी स्वयंपाक सोडून बघत उभी राहायचे.

गठ्ठ्यात एक छापील इंग्रजी कागद निघाला. मी तो बाबांना वाचून दाखवला. सगळ्या भिंतींलगत अर्धा इंच जागा मोकळी सोडा, असं त्यात ठळक लिहिलं होतं. बाबा हसले. "ह्ये मना कागदाशिवाय ठावं हाय, बाय. जल्म होडीत गेला माजा."

बेडरूममधल्या शेवटच्या ओळीशी सासूबाई आल्या. "हे काय? पट्टी कमी पडली?"

"नाय, विहीनबाय. पावसात फुगाया जागा लागते हिला. वरशी लाकडाची पट्टी मारतो, फट दिसनार नाय."

"नको हो. तिथे झुरळं होतील. असं अर्धवट काम इकडे चालत नाही."

"बाबा, एकदम फिट्ट बसवा ना," नवरा म्हणाला. "फिनिशिंग पाहिजे. हॉलमधली फटही भरून टाका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बाय, तू सांग. कागद तूच वाचलास."

एक वाक्य बोलायचं होतं. कागद पुढे करायचा होता, बस. पण मला त्या घरातली व्हायचं होतं. मी म्हटलं, "त्यांना हवं तसं करा, बाबा. घर त्यांचं आहे."

त्यांनी मान हलवली आणि करवत उचलली. चिंचोळ्या पट्ट्या कापून सगळ्या फटी भरल्या. काम इतकं सुबक झालं की सासूबाईंनी शेजारच्या चौघींना बोलावून दाखवलं. कागद मी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला.

आषाढ संपेपर्यंत बेडरूमच्या दारात पट्ट्या टेंगूळ आल्यासारख्या वर उठल्या. दार अडकायला लागलं. सासूबाई येईल त्याला ते टेंगूळ दाखवायच्या. "होड्या ठोकणाऱ्याला घरात घेतलं, आणखी काय होणार?" नवऱ्याने मोऱ्याला निरोप धाडला.

बाबा मिळेल त्या गाडीने आले, घाईत पिशवीसुद्धा न घेता, नुसती हत्यारं घेऊन. दारात उकिडवे बसले आणि त्या उंचवट्यावरून हात फिरवत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. मलाही. नवरा विचारत होता, "असं कसं झालं, बाबा?" मी भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"माजंच चुकलं, जावयबापू," ते म्हणाले. "मना अंदाज नाय आला."

मग त्यांनी भिंतीकडच्या पट्ट्या उचकटल्या, अर्धा इंच कापल्या, परत ठोकल्या. टेंगूळ हळूहळू बसलं. या वेळी खिळे वरून मारावे लागले, त्यांची डोकी आजही दिसतात. वरच्या लाकडी पट्टीला कुणी ना म्हटलं नाही.

"बसा, चहा घ्या," सासूबाई म्हणाल्या, त्यांना रीत माहीत असूनही. बाबांनी हात जोडले आणि निघाले.

मी गॅलरीत गेले. खाली वॉचमनच्या खोलीबाहेरच्या नळाला बाबा ओंजळ लावून पाणी पीत होते. किती वेळ पीत होते. मला हाक मारायची होती. पण हाक मारून देणार काय होते? माझ्या घरचं पाणी ते घेणार नव्हते, आणि त्यांच्यासाठी पुढे करायला हवा होता तो कागद साड्यांखालीच होता. मी तो कुणालाच दाखवला नाही.