गोमीचे झिरे

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी माझी शाळा घ्यायला नको — मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. जव्हारला आमचं वेल्डिंगचं दुकान आहे, अब्बांपासूनचं. तिथे येऊन बसणारी रिकामी मंडळी अर्धा दिवस भुताखेतांच्याच गप्पा मारतात आणि मी त्यांना चहा पाजून हाकलतो. बायको म्हणते, तुझ्यासमोर जिन येऊन उभा राहिला तरी तू त्याला ग्राइंडर धरायला बसवशील. खोटं नाही म्हणत ती.

पण गेल्या उन्हाळ्यात जे पाहिलं ते... असो, सांगतो. तुम्हीच ठरवा.

खोडाळ्याहून सूर्यमाळकडे जाताना एक लहानसा पूल लागतो. खाली नदी, पुलाला लागूनच एक डोह आणि वर टेकाडावर पाडा. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लोकांना उगाच त्रास नको. आदल्या पावसाळ्यानंतर कुठल्याशा टँकरने पुलावरून डोहात केमिकल सोडून दिलं. कोण होता, कुठून आला, आजतागायत कळलेलं नाही. सकाळी डोहावर मासेच मासे, सगळे पोट वर करून.

शहरातला माणूस नाकाला रुमाल लावून पळाला असता. पण इकडे गेळाची फळं कुटून पाण्यात टाकायची जुनी रीत आहे. मासे गुंगतात, वर येतात, आणि वरच्या अंगाला कुणी गेळ टाकली की खालच्या पाड्यानेही टोपल्या घेऊन उतरायचं, सगळ्यांनी वाटून खायचं. त्या माशांनी आजवर कुणाला काही झालं नव्हतं. लोकांना वाटलं, टाकली असेल कुणीतरी गेळ. हसत-खिदळत उतरले. वास येत होता, पण आनंदात वासाकडे कोण बघतो?

पाड्यातल्या धवळूने चांगली टोपलीभर मासळी घरी आणून टाकली आणि तो जीप पकडून मोखाड्याच्या बाजाराला गेला. त्याची बायको गोमी हिने कालवण केलं. लहानगी पोर नशिबाने आजीकडे होती. धवळू संध्याकाळी परतला तेव्हा गोमी ओट्यावर गडबडा लोळत होती. दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. बाकी लोक आजारी पडले, पण उठले. गोमी तेवढी गेली.

पाणी वाहून गेलं, पण विष गाळात बसलं. काळाकुट्ट, तेलकट गाळ. काठी खुपसली की जळक्या रबरासारखा वास. एका संस्थेने सफाईचं काम हाती घेतलं, आणि दुकानाच्या जोडीला मी खोदकामाचा पोकलेन भाड्याने देतो, म्हणून मी तिथे. वरून येणारी बारीक धार वाळूच्या गोण्यांनी बाजूला वळवायची, डोह पंपाने उपसायचा, गाळ काढून ताडपत्रीवर टाकायचा आणि बंद ट्रकने लांब पाठवायचा. हे सगळं पावसाच्या आत. एकदा पूर आला की तोच गाळ खालच्या सगळ्या पाड्यांच्या पाण्यात. कामावर देखरेख करायला नाशिकच्या एक इंजिनिअर मॅडम होत्या, आणि मजुरांमध्ये धवळू. तोंडाला मास्क लावायला सांगितलं तर लावायचा नाही. मी एकदा खवळलो तेव्हा म्हणाला, "मिस्त्री, मासा मीच आनला ना घरी."

आता झिरा म्हणजे काय ते सांगायला हवं. उन्हाळ्यात नदी आटली की बायका वाळूत हातभर खड्डा खणतात, त्यात हळूहळू पाणी झिरपतं, ते वाटीने भरायचं. भरून झालं की वर पळसाची पानं, पानांवर दगड. ज्या बाईने झिरा खणला तो तिचा, तिच्या घरचा. तहानेने जीव गेला तरी दुसऱ्याच्या झिऱ्याला हात लावायचा नाही. यंदा अर्थातच झिरे बंद होते. पाड्याला टँकरचं पाणी. आलं तर आलं.

पुलाखालचा पट्टा साफ करून आम्ही पुढे सरकलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साफ केलेल्या वाळूत झिरा! वर पानं, दगड, सगळं रीतसर. माझं डोकंच फिरलं. पाड्यावरच्या बायकांना खाली बोलावलं आणि म्हटलं, मरायची हौस आहे का कुणाला? त्या झिऱ्याकडे बघत राहिल्या. एकही उलटून बोलली नाही. इकडच्या बायका माझं ऐकून घेतात असं कधी झालेलं नाही.

शेवटी गोमीची आई भिकीबाय पुढे आली. म्हणाली, "वालू कनच्या अंगाला टाकलेली हाय, बघ." बायका धारेकडे तोंड करून बसतात आणि उपसलेली वाळू उजवीकडे टाकतात. इथे ढीग डावीकडे होता.

"पाड्यात डावरी एकच व्हती," भिकीबाय म्हणाली. "माझी पोर."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, डाव्या हाताने खड्डा मीपण खणून दाखवतो. पानं बाजूला केली तर आत पाणी काळं, वर तेलाचा तवंग. लगेच बुजवून टाकला.

माझा संशय धवळूवर. बिचारा दुःखाने भ्रमिष्ट झाला असेल, असं वाटलं. म्हणून त्याला दिवसभर नजरेसमोर ठेवला. दुपारी सगळे काठावरच्या आंब्याखाली जेवायला बसलो. धवळू माझ्या शेजारी, मॅडम समोर, माझा बिहारी ऑपरेटर सुरेंदर पलीकडे. नदीचं पात्र पुढ्यातच, उघडंबोडकं. आडोसा म्हणून एक झुडूप नाही. कुणी खाली उतरलं नाही, हे मी कुराणावर हात ठेवून सांगेन.

जेवून उठलो. डोहाच्या कडेला, कालच साफ केलेल्या जागी, नवा झिरा.

मे महिन्यातलं ऊन, वाळूला पाय लावता येत नव्हता. आणि उपसलेली वाळू ओली होती! ओली वाळू तिथे चहा होईपर्यंतसुद्धा टिकत नाही. ढीग डावीकडे. आत पाणी अजून गढूळ, वर चढत होतं... माझ्या डोळ्यांदेखत चढत होतं. आजूबाजूला पावलांचा एकही ठसा नाही. सुरेंदर म्हणाला, "सेठ, हमको गाँव जाना है."

मॅडम मात्र वाकून वास घेत होत्या. म्हणाल्या, "इथे खाली अजून गाळ आहे. आपण वरवर काढून पुढे गेलो." सुरेंदरची कशीबशी समजूत घालून तिथे पोकलेनची बकेट लावली. वाळूच्या थराखाली दुसरा थर निघाला, आधीच्यापेक्षा काळा. सकाळच्या झिऱ्याच्या जागी खणलं, तिथेही तेच. आम्ही काम झालं म्हणून ते तसंच सोडलं असतं, आणि पावसाने ते पाड्याच्या घशात घातलं असतं.

त्यानंतर झिरे येत राहिले. काळं पाणी आलं की आम्ही तिथे खणायचो, आणि दरवेळी गाळ निघायचा. मी विचारणं सोडून दिलं. भीती वाटत होती, लपवत नाही. पण झिरा दिसला नाही तर त्याहून जास्त भीती वाटायची.

ढग जमायला लागले तेव्हा शेवटचा झिरा दिसला. धवळूने पानं उचलली. आत नितळ पाणी, तळाची खडी दिसत होती. मॅडमनी बाटली भरून तपासणीला पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत कुणी थेंब तोंडात घ्यायचा नाही अशी तंबी दिली. धवळू मात्र तिथून हलेना. राखण करत बसला.

रिपोर्ट चांगला आला. डोहाच्या इतर जागांचाही. सगळा पाडा खाली उतरला. कुणी हळदकुंकू आणलं, कुणी नारळ. देवी झाली गोमी, असं लोक बोलायला लागले. धवळू हात जोडून हमसून हमसून रडत होता.

भिकीबायने कुणाकडे पाहिलं नाही. नातीला कडेवरून उतरवलं, वाटीने पाणी काढून तिला पाजलं. पोर घटाघटा प्यायली आणि अजून मागायला लागली. तिला पोटभर पाजून झाल्यावर भिकीबाय झिऱ्याशी बसली आणि दोन्ही हातांनी त्यात वाळू लोटायला लागली. धवळू तिला अडवायला गेला. "आये, काय करतेस? तिनं खांदलाय तो!"

"तंच तं," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज रागाने थरथरत होता. "जन्माला आली तवापासून पानीच भरलं तिनं. आथा मेल्यावं बी भरूच काय?" मग वाळूवर हात थोपटत, पोराला झोपवताना बोलतात तसं हळू म्हणाली, "झालं बाय. प्याली तुझी पोर. जा आथा. बस जाऊन कुठं सावलीला."

हळदकुंकवाचं ताट धरलेली बाई तशीच उभी राहिली. नारळ कुणी फोडला नाही.

त्या दिवसानंतर झिरा आला नाही. मॅडमना विचारलं तर म्हणतात, जमिनीखालच्या पाण्याचा दाब असेल. असेल. पण दाब पळसाची पानं आणून वर दगड ठेवतो का? मी अजूनही या गोष्टी मानत नाही, असं दुकानात सगळ्यांना सांगतो. फक्त घरी बायको हंडा उचलायला लागली की मी तिच्या हातातून घेतो. ती म्हणते, तुला काय झालंय हल्ली? मी हंडा घेऊन पुढे होतो.