श्रावणाचा आडोसा

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. तिसरी शिकलेला माणूस मी, चुकतमाकत लिहीन — पण खोटं लिहिणार नाही. खोटं एकदा बोललो, तेच सांगायला बसलोय.

आधी एक ऐका. कोंबडी मारल्याची मला लाज नाही. चार कोंबडे एका खुराड्यात ठेवून बघा — एकमेकांचे डोळे फोडतात, तलंगांच्या, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांच्या, पाठी सोलून काढतात. जास्तीचे कमी करावेच लागतात. पाचोऱ्याच्या बाजूला आमचं गाव. निम्मं गाव आपले कोंबडे घेऊन माझ्याकडे यायचं. का? कोंबडा काखेत घ्यायचा, डोळ्यांवर हात ठेवायचा, तो निवला की एकच घाव. माझ्या हातात पाखरू कधी ओरडलं नाही. शहरातले पाहुणे तोंड वाकडं करायचे, आणि रस्सा दोनदा मागायचे. असो.

मग एका आखाडात हात चुकला. कोंबडा अर्ध्या मानेने गोठाभर पळाला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं — तेवढं पुरे होतं.

पुढे श्रावण लागला. कानबाई, आमच्या खानदेशाची देवी, घरात बसायला चार दिवस होते, बायको घर सारवत होती, आणि गायीचा पाय आमच्या ठिपक्यांच्या कोंबडीवर पडला. पाठ मोडली. टोपलीखाली पडून नुसती चोच उघडायची. बायको म्हणाली, "भलता हाल व्हई राह्यनात तिना. मोकळी करी द्या. कानबाई राग नही धरस."

मी काय म्हणालो? "श्रावणमा सुरी? देवीनं घर शे हाई!" आणि केवढ्यानं — शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून.

देवधर्म कसला? हात पुन्हा चुकला तर बायको बघेल, ही भीती. दुसरं काही नाही.

दोन दिवस तिने कोंबडीच्या चोचीत पाणी सोडलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच विळा घेतला. जन्मात मुंगी न मारलेली बाई. मी गोठ्याच्या भिंतीआड उभा होतो. तीन घाव ऐकले. पुढे झालो का? नाही.

न्हाऊन आली आणि म्हणाली, आता या हातांनी कानबाईच्या रोटाचं, नैवेद्याचं, पीठ मळणार नाही. माझं एक वाक्य पुरलं असतं — खरं सांगायचं, बस. गावाने तिला नावं ठेवली, मला मान दिला. "बायकोनी मोडं, पन आबानी श्रावण पाळा," म्हणाले. मी मान डोलावली. डोलावली!

वय झालं होतं, हात थकला होता — ही सबब तरी कशाला? सुरी शेजाऱ्याच्या हाती देता आली असती. 'माझ्याच्यानं होत नाही' एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा, मी ऐकायला थांबलेलो नाही.

त्याला बरीच वर्षं झाली. कानबाईच्या रोटांना सुना बसतात; बायको दाराबाहेर, ओट्यावर. आत बाया गाणी म्हणतात, ती बाहेरून टाळ्या वाजवते. यंदाही तसंच झालं. मी पंगतीत पहिल्या पाटावर बसलो आणि रोट खाल्ले. गोड लागले.