वहिनींची बाही

रात्रभर वाऱ्यानं धिंगाणा घातला आणि उजाडताना असा गपगार पडला, की मैदानावरचं गवताचं पातं हलेना. दवानं सगळं ओलंचिंब. वहिनी रबरी बूट घालून, नवऱ्याचा जुना चौकटीचा शर्ट अंगावर चढवून, जुन्या ग्लायडरचे पंख फडक्यानं कोरडे करत होत्या. पुसता पुसता नजर काठीकडे गेली आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, बाही फाटली बघा!"

"फाटेल नाहीतर काय! शेडचं छप्पर राहिलं हेच नवल," विंचच्या इंजिनात डोकं खुपसलेले त्यांचे यजमान, क्लबाचे काका, आतूनच बोलले.

बाही म्हणजे धावपट्टीच्या कडेला उंच काठीवर टांगलेली कापडी नळी. वारा कुठून कुठे चाललाय ते तिच्याकडे बघून कळतं. दुसरीकडे तिला काय म्हणत असतील ते असो; या क्लबात ती पहिल्यापासून बाहीच, कारण ती शिवली वहिनींनी आणि वहिनींचा धंदा शिलाईचा.

आता वहिनी खरं तर एकट्या मास्तरांच्या. मास्तर म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना उडायला. त्यांच्या तोंडून ऐकून सगळा क्लबच वहिनी म्हणायला लागला. वयानं बापासारखा पाववालासुद्धा.

हे दोघे भाऊ आणि तो पाववाला, या तिघांच्या खुळातून क्लब उभा राहिला. वीटभट्टीनं माती खाऊन टाकून दिलेली जमीन त्यांनी एकेका सुट्टीत फावड्यानं सपाट केली. काका ट्रकचे मेकॅनिक. त्यांनी भंगारातलं इंजिन आणून विंच केला, म्हणजे तारेचा रहाटच. ग्लायडरला स्वतःचं इंजिन नसतं. विंचनं तार झरझर गुंडाळली की ते पतंगासारखं वर चढतं आणि वर गेलं की तार सोडून देतं. आणि पंख? ते मांडायला लांबलचक टेबल लागणार, आणि तसलं टेबल एकाच ठिकाणी होतं. वहिनींच्या दुकानात. पंखाचं टोक दारातून गल्लीत आलेलं, गिऱ्हाइकं त्याच्याखालून वाकून आत यायची.

"वहिनी, माझी पँट कधी?"

"आधी याच्या अंगावर कापड चढू दे, मग तुमच्या."

त्या पंखांवरचं कापड वहिनींनीच ताणलं, शिवलं, त्यावर लेप दिला. तेच हे दोन माणसांचं लाकडी ग्लायडर. सगळे त्याला म्हातारी म्हणायचे. तिला ना रेडिओ ना काही. आणि हा हंगाम संपला की ती कायमची शेडमध्ये झोपणार, असं ठरलेलं.

वहिनींच्या जिवाला घोर लागला होता तो याचाच. क्लबाची एक रीत होती. जो पहिल्यांदा एकटा उडेल, त्यानं त्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्याचा तुकडा द्यायचा आणि वहिनींनी तो बाहीला जोडायचा. पाववाल्याचा पांढरा तुकडा, मास्तरांचा निळा, काकांचा चौकटीचा, पोस्टातल्या बाईंचा फुलाफुलांचा. सगळ्यांचे तुकडे जोडले, स्वतःचा मात्र नाही. मुलींची लग्नं झाली, दुकान सुनेनं सांभाळलं, तेव्हा कुठे त्या शिकायला बसल्या. उडायचं एकटीनं, तर आपण शिवलेल्या म्हातारीतूनच, असं त्यांच्या मनात. पण मास्तर काही एकटीला सोडेनात.

"वहिनी, समोर बघा. पंखाकडे काय बघता सारखं?"

"टाके बघते, भाऊजी. उसवले तर?"

"तुमचे टाके उसवणार नाहीत. आपण मात्र झाडावर बसू!"

त्या सकाळी वहिनींनी बाही उतरवून क्लबाच्या खोलीत मशिनवर घेतली. निम्मी शिलाई झाली नाही तोच मास्तरांची हाक आली. सुई तशीच कापडात ठेवून वहिनी धावल्या. मास्तरांबरोबर एक फेरी झाली, दुसरी झाली. वहिनींची नजर समोरून ढळली नाही. खाली उतरल्यावर मास्तर मागच्या सीटवरून बाहेर आले, त्यांनी चिमूटभर गवत हवेत सोडून वारा बघितला आणि आपल्या जागी वाळूची गोणी बांधली.

"ही कशाला?"

"माझ्या वजनाची. फक्त बोलणार नाही. जा, एक फेरी मारा आणि या."

वहिनींनी पट्टा आवळला. तार ताणली, म्हातारी करकरली आणि आभाळात गेली. वर तार सुटली आणि एकदम सगळं शांत. मागून कुणी ओरडत नव्हतं. एक घार गोल गोल फिरत वर चालली होती. वहिनी तिच्या मागे लागल्या. कोवळ्या उन्हानं तापलेली हवा त्यांनाही वर घेऊन गेली. वहिनी मोठ्यानं हसल्या. मग गाऊ लागल्या, अगदी बेसूर, कारण ऐकायला फक्त गोणी होती.

"एक फेरी म्हणालो होतो," खाली मास्तर येरझाऱ्या घालत होते.

"लग्नानंतर पहिल्यांदा एकटी फिरायला गेलीय," काका म्हणाले. "येईल."

शेवटी वहिनी खाली वळल्या. उतरायचं ते वाऱ्याला तोंड देऊन; पण उन्हं चढल्यावर वारा कधी फिरला त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी काठीकडे बघितलं. काठी बोडकी.

"अगं बाई! बाही माझ्या मशिनवर!"

पाठीमागून वारा घेऊन उतरलं, तर म्हातारी थांबायचीच नाही, सरळ कुंपणात. वारा दाखवायला कुठे धूर नाही, कुठे वाळत घातलेलं धुणं नाही. तेवढ्यात खोलीच्या आडून ट्रॅक्टर उसळत बाहेर आला. चालवत होते मास्तर, आणि बॉनेटवर काका उभे, दोन्ही हातांनी बाहीच्या तोंडाचं कडं डोक्यावर धरून! बाही मागे फुरफुरत होती.

"अहो, थांबवा तो आधी! हा तुमच्या पळण्याचा वारा, खरा नव्हे!" वहिनी वरूनच ओरडल्या. ऐकू कुणाला जाणार?

पण मास्तर शेवटी भूगोलाचे. त्यांच्याही ध्यानात आलं. त्यांनी असा करकचून ब्रेक लावला, की काका पडता पडता वाचले. बाही लोळागोळा होऊन काकांच्या डोक्यावर पडली. मग हळूच फुगली आणि बरोबर उलट्या दिशेला तरंगली.

वहिनींना खरा वारा कळला. त्यांनी दुसऱ्या टोकाला वळसा घातला, समोर बघितलं, फक्त समोर, आणि म्हातारीला गवतावर अलगद टेकवलं.

मास्तर ट्रॅक्टरवरून उतरून धावत आले. "बाही न लावता तुम्हाला सोडलं," ते म्हणाले, "आधी माझे कान उपटा."

"दोघांचे उपटावे लागतील, भाऊजी. काढली मीच होती."

काका अजून कडं धरूनच उभे होते. "तुकडा दे आता. पण शर्ट माझा आहे. माझा तुकडा बाहीत आधीच आहे!"

"मग शेजारी लावते. इतकी वर्षं शेजारीच आहे, आता काय बिघडतंय?"

त्यांनी शर्टाचं टोक कातरलं, बाही काखोटीला मारली आणि खोलीत आल्या.

"बूट बाहेर काढा हो, मशिनखाली चिखल नको," त्यांनी मागून आलेल्या दोघांना दटावलं. ओढाताणीत दोरा तुटला होता. त्यांनी चष्मा पुसला, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुईचं नेढं शोधू लागल्या.