बुवांचा अभंग आणि बायकोचा दहावा

माझं शिक्षण सातवीपर्यंत. दिल्लीत सरकारी ऑफिसात शिपाई म्हणून लागलो आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झालो. गाण्याबिण्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. पण बायको गेल्यापासून डोक्यात एकच फिरतंय, ते लिहून टाकतो.

बायकोला एका बुवांचं गाणं फार प्रिय. अभंग गायचे, मोठं नाव. पहाडगंजच्या खोलीत आधी कॅसेट, मग मोबाईल. कणीक मळताना बुवा पाहिजेतच. भजनी मंडळातल्या बायका तिला चिडवायच्या, "ही तर खाकरतेसुद्धा बुवांसारखी." मला त्यातलं काही कळत नाही. पण तो आवाज लागला की मीही दाढी करता करता थांबायचो.

पुढे आमच्या मुलीने मुसलमान मुलाशी लग्न केलं. दोघं गाझियाबादला राहतात, नोकऱ्या करतात. मी आधी चिडलो, मग निवळलो. पोरगा चांगला निघाला. बायको तर चिडलीच नाही.

मग बुवांचा एक व्हिडिओ आला. गाणं नव्हतं, भाषण होतं. धर्माबाहेर लग्न करणाऱ्या पोरींना आईबापांनी जिवंतपणीच पिंड द्यावेत, म्हणाले. समोरचे लोक टाळ्या पिटत होते.

बायकोने तो परत एकदा लावून ऐकला आणि मोबाईल पालथा ठेवला. त्या दिवसापासून घरात बुवा बंद. मी म्हटलं, "अगं, त्याच्या डोक्यात शेण असेल, आपल्याला काय? तू गळा ऐक."

"गळा एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं असतं का?" ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाचं तरी लावावं, तर तेही नाही. गुणगुणणंसुद्धा गेलं. नंतर आमच्या घरात आवाज म्हणजे फक्त कुकरची शिट्टी. आणि या थंडीत छातीचं दुखणं होऊन ती गेली.

दहावा यमुनेच्या घाटावर केला. पुण्याहून मेहुणी आली. मुलगी आली; जावई तिला गाडीने घेऊन आला आणि लांब रस्त्यापाशीच थांबला. मी ये म्हटलं, तर म्हणाला, "नहीं पापा, किसी को अच्छा नहीं लगेगा."

पिंड मांडला. कावळा शिवला तर गेलेल्याची इच्छा उरली नाही, असं आपल्यात मानतात. पण दिल्लीत कावळे उरलेत कुठे? कबुतरंच येत होती, त्यांना हाकलून हात दुखले. गुरुजी म्हणाले, "काही मनात राहिलं असेल त्यांच्या. शब्द द्या."

मी म्हटलं, पोरीला अंतर देणार नाही. पोरगी म्हणाली, "आई, बाबांकडे मी बघेन." तरी कावळा नाही.

मेहुणीने पर्समधून फोन काढला. "दाजी, तिचा जीव बुवांच्या अभंगात अडकलाय. जन्मभर ऐकला आणि शेवटी उपास."

"तिनेच सोडला."

"सोडतं का कुणी असं? पोरीच्या तोंडाकडे बघून गिळलं तिने." आणि तिने लावला.

काय सांगू. ती गेली तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या पहिल्या ओळीला ढसाढसा रडलो. आवाज जरासुद्धा नासला नव्हता. इतकं घाण बोललेल्या तोंडातून तो तसाच येत होता, आमच्या खोलीत यायचा तसा.

आणि भिंतीवर कावळा येऊन बसला.

मेहुणीने हात जोडले. मी मुलीकडे बघितलं. हिला जिवंतपणी पिंड द्या म्हणणारा माणूस हिच्या आईच्या पिंडापाशी गात होता, आणि ही मान खाली घालून उभी. मला ते बघवेना. "बंद कर ते!" म्हणून मी ओरडलो आणि फोन हिसकावला. कावळा उडाला.

"उपाशी ठेवलंत तिला," मेहुणी म्हणाली. तेव्हापासून ती माझा फोन घेत नाही.

मुलगी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं. ती हळूच म्हणाली, "वाजू द्यायचं होतं, बाबा. मी ऐकून घेतलं असतं. आईसाठी."

कावळा परत येईल म्हणून बराच वेळ थांबलो. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. गवताचाच तो, नेऊ तिकडे जाणार.

कुणी म्हणतं गाणं वेगळं, माणूस वेगळा. कुणी म्हणतं एकच. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीचा काही उपयोग नाही. तिने मनापासून सोडलं की पोरीसाठी गिळलं, हे एकटी तीच सांगू शकली असती.

परवा मंडळातल्या बायका आल्या होत्या. वहिनींसाठी भजन ठेवू म्हणाल्या, त्यांचा आवडता अभंग म्हणू ना? मला हो म्हणता येईना आणि नको म्हणता येईना. त्यांनी थोडी वाट बघितली, चहाचे कप स्वतःच धुऊन ठेवले आणि गेल्या.